चौकट : 'जारहेड'चं नाव, बाकी काही नाही

सॅम मेंडिस यांचा 'जारहेड' (2005) हा युद्धपट असूनही त्यातला नायक शत्रूवर एकही गोळी झाडत नाही. अँथनी स्वॉफर्ड या अमेरिकी मरीनच्या आखाती युद्धातल्या आठवणींवर तो बेतलेला होता. वाळवंटात नुसती वाट पाहणं, कंटाळा, अंगात मुरलेली हिंसा आणि शेवटी निशाण्यावर आलेला माणूसही हातातून जाणं, हेच त्याचं कथानक. रॉजर डीकिन्स यांनी टिपलेल्या जळत्या तेलविहिरी आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

'जारहेड 2 : फील्ड ऑफ फायर' (2014) थेट डीव्हीडीवर आला. निर्मिती युनिव्हर्सलच्या अशाच स्वस्त चित्रपटांसाठीच्या शाखेची, दिग्दर्शक डॉन मायकल पॉल. मूळ चित्रपटातलं एकही पात्र इथे नाही. रसद पोचवणारी तुकडी तालिबानविरोधी अफगाण स्त्रीला सुरक्षित बाहेर काढते, एवढीच गोष्ट. अफगाणिस्तान म्हणून दिसतो तो बल्गेरिया! पैसा कमी होता याची तक्रार नाही. कमी पैशात कंटाळा तर अधिकच चांगला दाखवता आला असता. पण इथे दर थोड्या वेळाने चकमक, आणि स्टीफन लँगसारखा नट जेमतेम वापरलेला.

तरीही मालिका थांबली नाही. 2016 मध्ये तिसरा, 2019 मध्ये चौथा भाग आला. पहिला जरूर पाहा; पुढचे तीन सोडलेत तरी काही बिघडत नाही.