सैनिकाच्या खांद्यावर गोधडी

आजीच्या गोधडीची ऊब तुम्हांला माहीतच आहे. पण सैनिकाला गोधडी?

२००३ ची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकच्या युद्धावर होता. एकदा आईला स्वप्न पडलं : मध्यरात्री एक तरुण सैनिक पलंगाच्या कडेला खिन्न बसलाय. मग दिसलं, तोच गोधडी पांघरून शांत झालाय! त्यातूनच ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ संस्था जन्मली.

वर रंगीत तुकडे, मध्ये मऊ थर, खाली अस्तर. तिन्ही टाके घालून जोडायचे, शिवणाऱ्याचं नाव लावायचं आणि सैनिकाच्या खांद्यांभोवती मायेनं लपेटायचं! अशा ३ लाखांहून जास्त गोधड्या दिल्या गेल्या. व्हिएतनाम युद्धातल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांनाही!

तुमच्या आळीत कुणी आजोबा एकटे राहतात? मग आजीकडून धावदोरा शिकून घ्या पाहू!