पायाची नखे आणि त्यांवरील रंग

तिकोणा गडाच्या पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव वसलेले आहे. मावळातला पाऊस दांडगा. आषाढात येथील भातखाचरे तुडुंब भरतात, चिखलणी होते आणि आवणीसाठी स्त्रीपुरुष दिवसच्या दिवस चिखलात उभे राहतात. त्या दिवसांत फार सोसावे लागते ते पायांच्या बोटांना व नखांना.

नख केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असते. गुरांची शिंगे व खूर यांच्यावरील कवचही त्याच द्रव्याचे. बाहेर दिसणारे नख निर्जीव असते. त्याची वाढ होते ती मुळाशी, कातडीखाली. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर पुढे सरकते. अंगठ्याचे नख संपूर्ण नवे येण्यास एक ते दीड वर्ष लागते. म्हणून एका आवणीत बिघडलेले नख पुढील आवणीपर्यंतही पुरते सुधारलेले नसते.

सतत भिजलेले नख मऊ पडते आणि त्याच्या कडेच्या फटीतून बुरशी आत शिरते. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या खाजतात, झोंबतात, म्हणून लगेच कळतात. नखातील बुरशी प्रारंभी मुळीच दुखत नाही. नख पिवळट होते, जाड होते, पुढे त्याचा भुगा पडू लागतो. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे, जोडव्यांखाली अडकलेला चिखल काढणे आणि नखे कोपरे न कोरता सरळ कापणे, एवढे तरी रोज-आठवड्याला घडावयास हवे. कोपरे कोरले म्हणजे वाढते नख मांसात रुतते.

आता रंगाविषयी. मेंदीचा रंग नखात मुरतो. नेलपॉलिश मात्र पापुद्र्यासारखे नखावर बसते. त्यातील विद्रावक उडून जातो व नायट्रोसेल्युलोजचा चकचकीत थर मागे राहतो. सणासमारंभाला निरोगी नखांवर तो चार दिवस राहिल्याने काही बिघडत नाही. अशा हौसेला नाके मुरडणे उगाचच होय. गडद रंग फार दिवस ठेवल्यास नखावर पिवळी झाक येते आणि तो पुसण्याचे ॲसिटोन वारंवार वापरल्यास नख कोरडे पडते. परंतु खरी अडचण अशी, की रंगाखालचे नख दिसत नाही. रंगाची पिवळी झाक वरवरची असते, तिच्याने नख जाड होत नाही, बुरशीने होते. जाड झालेले नख रंगवून झाकणे म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला चुना फासणे. ते आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर याबाबतीत दिरंगाई करूच नये, कारण पायाची संवेदना मंदावल्यास जखमही कळत नाही.

तिकोण्याच्या उभ्या पायऱ्या उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नखाखाली रक्त साकळते. तो काळा डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. जो डाग पुढे सरकत नाही किंवा रुंदावत जातो, तो मात्र निराळा. त्याची तपासणी विनाविलंब करून घ्यावी लागते. डाग सरकतो की नाही हे महिनोन्‌महिने पाहावयाचे, तर तेवढे नख रंगाविना ठेवावे लागेल.