फुफ्फुसातल्या गाठीपर्यंतची वाट

जबलपूरचं कमानिया गेट 1939च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. त्या अधिवेशनाला अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आले होते. आज त्याच शहरात त्यांच्या नावाच्या मेडिकल कॉलेजात फुफ्फुसविकारांचं खास केंद्र आहे.

अशा केंद्रांपुढचा एक प्रश्न असा: फुफ्फुसाच्या कडेला दोन सेंटिमीटरची गाठ असेल, तर तिचा तुकडा काढायला श्वासनलिकेतून घातलेली साधी दुर्बीण तिथवर पोचत नाही. श्वासनलिका बारीक होत जातात. रेडियल अल्ट्रासाउंडची सळई आपण गाठीच्या मधोमध आहोत की नुसते शेजारी, हे दाखवते. नेव्हिगेशन यंत्रणा आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून दुर्बिणीची वाट आखते. अडचण अशी, की स्कॅन श्वास भरून काढलेला असतो. भूल दिल्यावर फुफ्फुस आक्रसतं आणि गाठ नकाशातल्या जागी उरत नाही. रोबोटिक दुर्बिणीचं टोक स्थिर राहतं, पण सरकलेली गाठ तिलाही शोधावीच लागते. म्हणून टेबलावरच पुन्हा सीटी काढण्याची सोय मला जास्त मोलाची वाटते.

छातीतून सुई घालणं हा जुना मार्ग. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नेव्हिगेशनचं निदान 79 टक्के अचूक ठरलं, सुईचं 73.6. खरा फरक धोक्यात होता: फुफ्फुसाभोवती हवा साचण्याचं प्रमाण सुईने 28 टक्के, नेव्हिगेशनने जेमतेम 3.

आपल्याकडे अशी गाठ क्षयाचीही असते. तेव्हा तुकडा कर्करोगासाठी तपासतानाच क्षयाच्या जीनएक्स्पर्ट चाचणीलाही पाठवायला हवा.