कोणती गोळी चांगली? चाळिशीनंतरच्या बायका आणि रोजचं मल्टिव्हिटॅमिन

माताभगिनींनो, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या बंधूंनो,

विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं औषधाच्या दुकानात काय काम? काम एवढंच की आम्ही आयुष्यभर वर्गात एक गोष्ट शिकवली : उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट विचारला आहे की नाही ते बघा. 'पंचेचाळिशीच्या बाईसाठी कोणती मल्टिव्हिटॅमिनची गोळी चांगली?' हा प्रश्न अर्धाच आहे. चांगली म्हणजे कशासाठी? आणि कुणासाठी? मधुमेहाची गोळी घेणारीसाठी, माळकरी घरातल्या सुनेसाठी, की दहा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढून टाकलेल्या मजूर बाईसाठी? तिघींची उत्तरं तीन आहेत. आम्ही वैद्य नाही, गोळी लिहून देणार नाही. पण दुकानात उभं राहून डबीवरचं वाचायचं कसं, हे आज बघू.

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जीवनसत्त्वाची मोठी अडचण ही की ते प्रत्यक्ष दिसत नाही. मीठ कमी पडलं तर जिभेला कळतं, बी-१२ कमी पडलं तर वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून आपण शब्दावर विसंबतो, कुणाच्या तरी सांगण्यावर. आणि शब्द प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हो! ज्याला वस्तू नीट माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. टीव्हीवरच्या जाहिरातीला पहिली अट कदाचित लागू पडेल, दुसरी नाही. शेजारच्या काकूंना दुसरी पडेल, पहिली नाही. आपल्याला दोन्ही अटी पुऱ्या करणारा कोणीतरी हवा, आणि तो बहुतेक वेळा रक्ताच्या तपासणीचा कागद असतो.

आता वयाचं बघू. आपल्या देशात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या जवळ. म्हणजे तिकडची 'पन्नाशीनंतरची' म्हणून विकली जाणारी गोळी आणि इकडची बाई यांचं वेळापत्रकच जुळत नाही. शिवाय ज्यांची गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली, त्यांना हा टप्पा पस्तिशीतही येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली, हे तुम्ही वाचलं असेल. तेव्हा 'माझं वय काय' यापेक्षा 'माझी पाळी चालू आहे का' हा प्रश्न आधी.

कारण इथे गरजेचं पारडं फिरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांत पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. रक्त जाणं थांबलं की बाईची गरज पुरुषाच्या जवळ येते. उलट कॅल्शियम १००० वरून १२०० वर जातं, कारण इस्ट्रोजेन उतरल्यावर हाडं झिजू लागतात. म्हणून परदेशी 'फिफ्टी प्लस' गोळ्यांत लोह नसतं. ते तिथे ठीक. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपली बाई पन्नाशीत शिरते तीच रिकामं कोठार घेऊन. तिला वयाकडे बघून बिनलोहाची गोळी देणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. आधी हिमोग्लोबिन करा. १२ च्या खाली असेल तर मल्टिव्हिटॅमिनमधलं चिमूटभर लोह पुरणार नाही, वेगळा उपचार लागेल. आणि एक गोष्ट संकोच न करता सांगतो : पाळी जायच्या सुमारास अंगावरून फार जात असेल, किंवा पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लोहाची गोळी घेऊन घरात बसू नका. डॉक्टरीणबाईंना दाखवा. तिथे गोळी आजार झाकते.

गोळीने आजार झाकला जातो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने दगावत होत्या. तिने त्यांचं खाणं-राहणं तपासलं, उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्यातलं द्रव्य काय हे तेव्हा तिला माहीत नव्हतं, लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक आम्ल. ते प्रयोगशाळेत तयार करण्यात अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाचा मोठा वाटा. आज प्रत्येक मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर जे फॉलिक ॲसिड लिहिलेलं दिसतं, त्याच्यामागे परळ-लालबागच्या बायकांचं रक्त आहे, हे आम्हाला नेहमी आठवतं.

आता यातली मेख. फॉलिक आम्ल आणि बी-१२ रक्ताच्या कामात जोडीने असतात. बी-१२ कमी असलेल्या बाईला भरपूर फॉलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. पायाला मुंग्या, तळपाय बधीर, विसराळूपणा. आणि आपल्याकडे कशाची कमतरता जास्त? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं, तर तांबड्या पेशींतलं फोलेट कमी असलेली माता सगळ्या अभ्यासात एकच सापडली. भाजीभाकरी खाणाऱ्या बाईला फोलेट मिळतं, पण बी-१२ वनस्पतीत तयारच होत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस यांतूनच येतं. आमच्या या भागात शेगाव जवळ, माळकरी घरं पुष्कळ. माळ काढा असं आम्ही कशाला म्हणू? पण घरात दूध मुलांना आणि चहाला जातं, बाईच्या वाट्याला तळाशी राहिलेलं येतं, हे माळेने सांगितलेलं नाही.

म्हणून डबी उलटी करून आधी बी-१२ चा आकडा बघा. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम आणि गोळीत ५०० किंवा १५०० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. मोठ्या मात्रेतलं शंभरातलं जेमतेम एक शोषलं जातं, उरलेलं बाहेर जातं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि पित्तासाठी रोज सकाळी पँटोप्रॅझोल घेणाऱ्या बायकांत बी-१२ आणखी घटतं, त्यांनी एकदा तपासणी करावीच.

कॅल्शियमचं गणित मात्र डबी उघडपणे चुकवते. रोजची गरज हजार-बाराशे मिलिग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम असतं ४० टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी १२५० मिलिग्रॅमची पूड एका गोळीत कोंबावी लागेल, शिवाय बाकीची वीस द्रव्यं. अशी गोळी घोड्याला चारावी लागेल. तेव्हा 'कॅल्शियमयुक्त' लिहिलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नावापुरतं असतं. ते ताटातून यायला हवं : दूध, ताक, तीळ. नाचणीत भरपूर असतं, पण नाचणी आपल्याकडची नव्हे आणि आपल्या ज्वारीत कॅल्शियम फार नाही, हे मान्य करायला हवं. भाकरीला तीळ थापायची जुनी रीत त्या दृष्टीने शहाणपणाची. ताटातून पुरेसं होत नसेल तर कॅल्शियमची वेगळी गोळी, आणि ती लोहाच्या गोळीबरोबर नव्हे, कारण दोघं एकमेकांच्या वाटेत येतात.

आता आपल्या दाराशी आलेला प्रसंग. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने हाती येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. पोरींची लग्नं अडतील म्हणून आया रडल्या. आधी पाण्यावर संशय गेला, मग साबणावर, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, रक्त, लघवी, केस तपासले आणि निष्कर्ष काढला की सेलेनियम प्रमाणाबाहेर आणि जस्त कमी. त्यांचा रोख रेशनच्या गव्हावर होता, त्यावर वाद झाला. तो वाद इथे नको.

आम्हाला सांगायचं ते वेगळं. सेलेनियम हे तुमच्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर लिहिलेलं असतं! 'केस आणि नखांसाठी' म्हणून. त्याची गरज दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी वरची हद्द ४०० ठरवली आहे. कमी पडलं तरी अपाय, जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होऊन पडतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात लेबलापेक्षा सुमारे २०० पट सेलेनियम चुकून पडलं आणि दोनशेवर माणसं केस-नखं गमावून बसली. आता विचार करा, ज्या बाईचे केस सेलेनियम जास्त झाल्याने गेले, ती दुकानात जाऊन केसांची गोळी मागते आणि पुन्हा सेलेनियमच घेऊन येते. 'जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर बिघडलं कुठे' हे वाक्य म्हणूनच घातक. 'ए' आणि 'डी' चरबीत साठतात, लघवीतून जात नाहीत. ६०,००० युनिटची डी-३ ची पुडी आठवड्याला एक असते. ती रोज एक घेऊन रक्तात कॅल्शियम चढलेले रुग्ण डॉक्टरांना भेटतात. आपल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या कितीतरी गावांत किडनीचे रुग्ण आहेत. अशा घरातल्या बाईने क्रिएटिनिन तपासल्याशिवाय कॅल्शियम, डी आणि ए असलेली गोळी सुरूच करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग मल्टिव्हिटॅमिनने आयुष्य वाढतं का? अमेरिकेत पाळी थांबलेल्या १,६१,८०८ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये छापला गेला. दहातल्या चारेक जणी मल्टिव्हिटॅमिन घेत होत्या. सुमारे आठ वर्षांनी कर्करोग, हृदयविकार, मृत्यू, कशातच घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांत फरक दिसला नाही. 'मला तर घेतल्यापासून बरं वाटतं' असं कुणी म्हणेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी. गोळी सुरू करणारी बाई त्याच आठवड्यात सकाळी फिरायलाही लागलेली असते. पण तिकडच्या बायका आपल्यापेक्षा भरल्या पोटाच्या, हेही ध्यानात धरा. जिथे खरी उणीव आहे तिथे गोळीचा उपयोग आहे. उणीव कोणती, हे आधी शोधायचं.

डबी घ्यायचीच असेल तर : बहुतेक घटक रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास असलेली, लोह 'एलिमेंटल' किती ते लिहिलेलं असलेली, जिनसेंग वगैरे मालमसाला नसलेली. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असेल तर ते अन्नपूरक आहे, औषध नव्हे, आणि त्यावर तसं छापलेलंही असतं. महाग म्हणजे चांगलं असं नाही, जनऔषधी केंद्रात विचारून बघा. आणि वीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांसाठी आठवड्याला एक लाल लोह-फॉलिकची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे, ती आशाताईंना मागायची.

(श्रोत्यांतून प्रश्न : "सर, मंग हे गोळी जेवल्यावर घ्याव का उपाशीपोटी? अन् थायरॉइडची बी चालू हाय.")

ताई, थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तिच्यानंतर चार तास लोह नाही, कॅल्शियम नाही. मल्टिव्हिटॅमिन दुपारच्या जेवणानंतर घ्या, भाजीत थोडं तेल असतं, त्याने ए-डी शोषलं जातं. तिच्या मागेपुढे तासभर चहा नको, चहाने लोह अडतं. लिंबू पिळलंत तर उलट मदत होते. आणि गोळीत बायोटिन असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा, नाहीतर आकडे चुकीचे येतात. रक्त पातळ करायची गोळी घेता का? नाही ना? घेत असाल तर के जीवनसत्त्व असलेली डबी डॉक्टरांना दाखवूनच. बाकीचे प्रश्न चिठ्ठीवर द्या, पुढच्या रविवारी घेऊ.