शिकण्याची ओढ : हजेरीपटापलीकडचा प्रश्न

मूल शाळेत येणे आणि मूल शिकू लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या गोष्टीसाठी शासनाने व समाजाने पुष्कळ केले आहे. मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश आणि १९९५ साली देशभर सुरू झालेली शालेय पोषण आहार योजना यांनी शाळेची वाट सोपी केली. या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. उपाशी पोटी बाराखडी डोक्यात शिरत नाही. परंतु उंबरठ्याच्या आत आल्यावर मुलाला शिकावेसे का वाटते, अथवा का वाटत नाही, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही.

या प्रश्नाचा मुळापासून विचार महाराष्ट्रात झाला तो डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड येथे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत केलेल्या कामाची शिदोरी ताराबाईंपाशी होतीच. पण येथे समोर होती ती वारली पाड्यांवरील मुले. मुलगे गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. "यांना शिक्षणाची आवडच नाही" असा शेरा मारून मोकळे होणे अगदी सोपे होते.

या दोघींनी तो शेरा मारला नाही. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. त्या अंगणातील बालवाडीचे नाव १९७५ च्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने देशाच्या कानाकोपऱ्यात नेले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असता तेथेच अक्षरओळख होऊ लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणाऱ्या विकासवाडीमुळे, कडेवरचे मूल सांभाळून थोरल्या बहिणीलाही शिकता येऊ लागले. महागड्या शैक्षणिक साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. यात काटकसर होती हे खरे, पण तेवढेच नव्हते. जी बी मुलाने रानात वेचली, तीच वर्गात मोजण्याच्या कामी आली, म्हणजे आपल्यालाही काही ठाऊक आहे, याची त्याला खूण पटते. शिकण्याची ओढ बहुधा येथूनच सुरू होते.

आपल्याकडे याच्या उलट समजूत रूढ आहे. बक्षीस दाखवावे किंवा छडी दाखवावी, म्हणजे मूल अभ्यासाला लागते, असे मानले जाते. छडीची गोष्ट कायद्यानेच संपविली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. बक्षिसाबाबत मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतील चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांनी, बक्षीस नसताना, ही मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता प्रशस्तिपत्र दिले गेले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. याचा अर्थ शाबासकी देऊ नये असा नव्हे. ज्या कामात मुलाचे मन आधीच रमले आहे, त्याला मोबदल्याचे रूप दिले तर काम मागे पडते व मोबदला पुढे येतो, एवढाच त्याचा अर्थ. वार्षिक बक्षीस समारंभात वर्षानुवर्षे त्याच तीन-चार मुलांची नावे पुकारली जातात. उरलेली मुले टाळ्या वाजवितात, आणि आपण कितीही धडपडलो तरी फरक पडत नाही, हेही त्यांच्या मनात रुजते. (पाहुण्यांची भाषणे किती लांबावीत, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मुलाला आपली प्रगती आपल्याला दिसावी लागते. काल न जमलेली वजाबाकी आज जमली, हे त्याला कळले पाहिजे. ते कळण्यासाठी काम त्याच्या आवाक्यापेक्षा किंचित वरचे हवे. फार सोपे झाले तर कंटाळा येतो, फार अवघड झाले तर मूल हात टाकते. शिवाय बोलण्याची भीती नसावी. घरी वारली, भिली, कोरकू वा गोंडी बोलणारे मूल वर्गात गप्प असते, ते पुष्कळदा उत्तर येत नाही म्हणून नव्हे. उच्चाराला हसतील म्हणून. शिक्षकाने ते उत्तर प्रथम मुलाच्या बोलीत ऐकून घेतले व मग प्रमाण मराठीत फळ्यावर मांडले, तर मुलाचे तोंड उघडते. याला वेगळा निधी लागत नाही, पण वेळ लागतो. अनेक इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकापाशी तोच तुटपुंजा असतो, हे मान्य केले पाहिजे.

यास्तव शाळाभेटीस जाणारे अधिकारी व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनी पटसंख्या पाहून झाल्यावर शेवटच्या ओळीतील एखाद्या मुलाची वही मागून पाहावी. चुकलेल्या गणितावर केवळ लाल फुली आहे, की त्याखाली मुलाने ते गणित पुन्हा सोडविलेले आहे, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.