धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा: रुग्णाचा हक्क काय?

महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून तेथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात.

निर्धन रुग्णाच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा १ लाख ८० हजार रुपये, तर दुर्बल घटकांची ३ लाख ६० हजार रुपये आहे. पुराव्यासाठी तहसीलदाराचा दाखला, रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड चालते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक हे कागद तपासतो. या उपचारांचा खर्च ‘निर्धन रुग्ण निधी’तून भागतो, त्यात रुग्णालयाला एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम जमा करावी लागते.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम न मागता त्याला तातडीने दाखल करून घ्यायचे असते. जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राखीव खाट नाकारल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.