व्हूडूची जादू का ओसरली?

संगणकावर खेळ खेळणारी मुले ज्यांच्या घरात आहेत, त्यांना 'ग्राफिक्स कार्ड' म्हणजे काय हे ठाऊक नसले, तरी त्याची किंमत नक्कीच ठाऊक असते. या कार्डांच्या बाजारात १९९६ ते २००० या काळात सिलिकॉन व्हॅलीतल्या दोन कंपन्यांची झुंज झाली. आघाडीवर असलेली कंपनी त्यात नामशेष झाली. का, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हे कार्ड काय करते ते पाहू. पडद्यावरचे त्रिमितीय दृश्य हजारो लहान त्रिकोणांचे बनलेले असते. खेळाडू जरा वळला, की सगळे त्रिकोण नव्याने मांडून प्रत्येक ठिपक्याचा रंग पुन्हा ठरवावा लागतो. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला ३० वेळा रंगवायचा, तर सुमारे ९२ लाख ठिपके झाले! एकेका ठिपक्याचा हिशेब सोपा, पण संख्या अफाट. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात आचारी समजा. तो कोणताही पदार्थ करील, पण पाचशे पानांची पंगत एकट्याने कशी वाढणार? ग्राफिक्स चिप म्हणजे वाढप्यांची फौज.

ही फौज घरगुती संगणकात आणण्याचे मोठे श्रेय थ्रीडीएफएक्स या कंपनीला जाते. 'सिलिकॉन ग्राफिक्स'मध्ये काम केलेल्या अभियंत्यांनी ती १९९४ साली काढली. १९९६ मध्ये मेमरी चिपचे भाव कोसळले आणि तिचे 'व्हूडू' कार्ड सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आले. ते फक्त त्रिमितीय चित्रे काढी. एरवीच्या कामासाठी दुसरे कार्ड लागे आणि दोन्ही बाहेरून केबलने जोडावी लागत. तरीही 'क्वेक'सारखा खेळ त्यावर पाहिला, की माणूस थक्क होई. खेळ लिहिणाऱ्यांसाठी कंपनीने 'ग्लाइड' नावाची स्वतःची भाषाच दिली होती. ती वेगवान होती, पण चाले फक्त व्हूडूवर.

प्रतिस्पर्धी एनव्हिडियाची (स्थापना १९९३) सुरुवात मात्र अडखळत झाली. तिची १९९५ मधली पहिली चिप त्रिकोणांऐवजी वक्र पृष्ठभागांवर आधारलेली होती. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्समध्ये त्रिकोण स्वीकारले आणि ती चिप बाजारात पडली. कंपनीने मुकाट्याने वाट बदलली. १९९७ च्या 'रीवा १२८' पासून तिने सर्वमान्य प्रणालींची कास धरली आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी नवी किंवा सुधारलेली चिप आणण्याचा सपाटा लावला.

निर्णायक चूक झाली ती डिसेंबर १९९८ मध्ये. तोवर थ्रीडीएफएक्स चिप बनवी आणि क्रिएटिव्ह, डायमंड अशा कंपन्या त्या चिपा बसवून कार्डे विकत. आता तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. कार्डाचा नफाही आपल्याच पदरात पडावा, हा विचार वरवर बिनचूक होता. परंतु त्यामुळे कालचे गिऱ्हाईक आजचे प्रतिस्पर्धी झाले. त्यांना चिप तर हवीच होती. ती द्यायला एनव्हिडिया तयारच होती. शिवाय कारखाना, माल आणि वितरण यांचा भार नव्याने अंगावर पडला.

इकडे चिपाही मागे पडू लागल्या. १९९९ चे 'व्हूडू ३' खेळातील दृश्ये १६ बिटांच्या रंगांतच रंगवी. प्रतिस्पर्धी ३२ बिटांवर गेले होते. त्याच वर्षीच्या एनव्हिडियाच्या 'जीफोर्स २५६' ने त्रिकोण मांडण्याचे गणितही प्रोसेसरकडून काढून घेतले. 'व्हूडू ५' बाजारात यायला २००० साल उजाडले. खेळ लिहिणारे एव्हाना सर्व कार्डांवर चालणाऱ्या डायरेक्टएक्सकडे वळल्याने ग्लाइडचे कुंपणही निरुपयोगी ठरले. १५ डिसेंबर २००० रोजी एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचे जाहीर केले आणि २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

मग स्वतःचे कुंपण घालणे नेहमीच घातक का? तसे नाही. २००६ मध्ये एनव्हिडियाने 'कूडा' ही अशीच स्वतःपुरती प्रणाली जाहीर केली आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तीच तिची तटबंदी आहे. फरक एवढाच, की ग्लाइडला लवकरच सर्वमान्य पर्याय मिळाला. कूडाला तोडीचा पर्याय उभा राहण्याआधीच संशोधकांनी वर्षानुवर्षे तिच्यावर आपले काम रचले. कुंपण टिकते ते आत किती लोकांनी घरे बांधली यावर.

आज मैदानात एनव्हिडियासमोर आहेत २००६ मध्ये एटीआय विकत घेणारी एएमडी आणि २०२२ मध्ये 'आर्क' कार्डे आणणारी इंटेल. परंतु एनव्हिडियाचे बहुतांश उत्पन्न आता खेळांतून नव्हे, तर मोठ्या संगणक केंद्रांतून येते. ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर ती मोठी झाली, त्याची तिला पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. म्हणूनच मुलाने कोणत्याही कंपनीचे कार्ड मागितले, तरी दुसरी कंपनी तगून राहावी अशी इच्छा आपण करावी. तिच्या असण्यानेच पहिलीचे भाव जमिनीवर राहतात.